हिंडत्याफिरत्यांची वसाहत

भोंगा नाही, ब्रेकचा आवाज नाही... बेबीताई फाटकातून आत येऊन जेमतेम उभ्या राहिल्या होत्या, तेवढ्यात बॅटरीवर चालणारी एक बिनदाराची गाडी बाजूच्या वळणावरून अलगद आली आणि त्यांची बॅग आडवी करून थेट त्यांच्या चपलेपाशी थांबली.

"अहो, दिसत नाही का?" बरोबर आलेली त्यांची मुलगी किंचाळलीच.

चालवणारे गृहस्थ खाली उतरले. उंच, पाठ ताठ, गुळगुळीत दाढी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी बॅग उचलली, हातानं माती झटकली आणि मुलीकडे न बघता बेबीताईंना म्हणाले, "दिसल्या ना. दिसल्या म्हणून तर थांबलो. नाहीतर ही गाडी कुणासाठी थांबत नाही."

"बॅगेसाठी थांबली नाही ती," बेबीताई म्हणाल्या.

"बॅग काय, दुसरी आणून देईन. तुम्हाला काही झालं असतं तर दुसऱ्या तुम्ही कुठून आणायच्या होत्या मी?"

बेबीताई हसल्या नाहीत. पण हसू दाबायला ओठ घट्ट मिटावे लागले, आणि तसं करावं लागून किती काळ लोटला हे त्यांना आठवेना.

त्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. शाळामास्तर नव्हेत... उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. आता निवृत्त होऊन ज्येष्ठांच्या या वसाहतीत राहत होते आणि नव्या पाहुण्यांना गाडीतून सगळं दाखवायचं काम हौसेनं करत होते. हा पोहण्याचा तलाव, ही व्यायामशाळा, हे बॅडमिंटनचं मैदान, हा नाचाचा हॉल. मागच्या सीटवर मुलगी अजून धुसफुसत होती. बेबीताई पुढे बसल्या होत्या. गवतावर पाणी मारलेलं होतं, त्याचा ओला वास येत होता. औषधाचा वास कुठेच नव्हता. त्यांनी दोनदा खोल श्वास घेऊन खात्री करून घेतली.

इथे यायचं खूळ मुलीचं. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा बेबीताई एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करत होत्या. "वरची ओळ वाचा... आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" हे त्यांचं रोजचं बोलणं. ती नोकरी त्यांनी सोडली आणि पुढची नऊ वर्षं एका पलंगाभोवती काढली. भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं. नवरा गेला, पलंग गेला, पण फरशीवर पलंगाच्या पायांचे डाग राहिले ते राहिलेच. अजून पहाटे त्यांना आपोआप जाग यायची. कूस बदलून द्यायला हात पुढे व्हायचे... आणि समोर नुसती भिंत असायची. मग उजाडेपर्यंत त्या तिथेच बसून राहत. दिवसा खिडकीत बसत. मुलगी फोन करून विचारायची, "जेवलीस?" आणि त्या "हो" म्हणत. खरंखोटं बघायला कोण येणार होतं!

"आई, तुला असं बघवत नाही मला," मुलगी शेवटी रडली होती. "तीन दिवस राहून तर बघ. नाही आवडलं तर नको."

कचेरीत व्यवस्थापक बाईंनी दोघींना हसून बसवलं. "आमच्याकडे सगळे हिंडतेफिरते. स्वतःचं स्वतः करणारे. आणि एक, इथे कुणाला आजी-आजोबा म्हणायचं नाही हं!"

"आणि एखाद्याला स्वतःचं करणं जमेनासं झालं तर?" बेबीताईंनी विचारलं.

बाईंचं हसू तसंच राहिलं. "मग घरचे येऊन घेऊन जातात. तो नियमच आहे आमचा. आत्ता एकही घर रिकामं नाही, पण तुमचं नाव लावून ठेवते."

खरं तर ते ऐकून बेबीताईंना हायसं वाटलं. इथे कुणाचं काही करावं लागणार नव्हतं. कुणाच्या घशात काही अडकणार नव्हतं, कुणाला आंघोळ घालायची नव्हती. त्या रात्री जेवणाच्या हॉलमध्ये त्यांच्या टेबलावर एक खुर्ची कमी होती. शेजारी बसलेल्या, मनगटाला पट्टा बांधलेल्या बॅडमिंटनवाल्या बाई म्हणाल्या, "तिचं कंबरेचं हाड मोडलं. मुलगा येऊन घेऊन गेला." आणि सूपमध्ये मीठ घालू लागल्या. अगदी बेतानं, जणू ती खुर्ची कधी नव्हतीच.

बेबीताई त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. पण तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून मास्तरांचा आवाज आला, "काय, पाहुण्या? गाडी शिकणार का?"

"या वयात?"

"इथे वय हा शब्द काढला की शिक्षा असते. एक गाणं म्हणावं लागतं."

"मला गाता येत नाही."

"मग गाडी शिका. सुटका नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक भुरभुर पडत होती. छत्री उघडावी की नको असा पाऊस. मास्तर गाडी घेऊन पाहुण्यांच्या खोलीपाशी हजर. बेबीताईंनी आधी नाही म्हटलं, मग पदर खोचला.

"पाय हलका ठेवा," मास्तर सांगत होते. "पेडलवर मुंगी झोपलीय असं समजा. तिला जाग येता कामा नये... अहो, मेली की मुंगी!"

गाडीनं उडी मारली आणि फुलांच्या वाफ्यात नाक खुपसलं. बेबीताई हसल्या. ओठ मिटायचं भानच राहिलं नाही. खळखळून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मास्तरांनी स्टिअरिंगवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला, गाडी मागे घेण्यापुरता. मग गाडी मागे आली तरी हात तिथेच राहिला... क्षणभर. मग त्यांनीच तो काढून घेतला आणि लांब बघू लागले.

"घरचं नाव काय तुमचं?"

"बेबी."

"बेबी?"

"हसायचं नाही. आईनं ठेवलंय. मग सगळे ताई लावायला लागले."

"हसत नाही. इतक्या वर्षांत दुसरं बरं नाव सापडलं नाही लोकांना, म्हणजे ते तुम्हाला शोभत असणार."

मास्तरांच्या कपाळावर पावसाचे थेंब होते. बेबीताईंनी रुमाल काढून बाजूनं पुढे केला. मास्तर समोर बघत हसतच होते. रुमाल तसाच अधांतरी. 'बघून न बघितल्यासारखं करतायत, लबाड!' असं वाटून बेबीताईंनी रुमाल हलवला. काही नाही. मग त्यांचा हात आपोआप, जुन्या सवयीनं उठला. दोन बोटं उभी करून त्यांनी हळूहळू कानाकडून नाकाकडे आणली. बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा कुठे मास्तर दचकले.

"हे काय करताय?"

"माशी होती," बेबीताई म्हणाल्या.

दुकानात कधीमधी अशी माणसं यायची. समोरची बारीक ओळ घडाघडा वाचायची आणि बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर आदळायची. मालक त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवायचे. चष्म्यानं भागण्यातलं ते नसायचं.

दिवसभर त्या मास्तरांना लांबून न्याहाळत राहिल्या. पायऱ्या ते अचूक उतरत होते. पण वाटेत कुणी खुर्ची सरकवून ठेवली की तिला धडकत आणि मग काहीतरी विनोद करत. लोक हसत. मास्तर म्हणजे भारी गमत्या माणूस!

संध्याकाळी तलावाच्या काठी ते एकटे सापडले. बेबीताई बाकावर बसल्या आणि आडवळण न घेता म्हणाल्या, "कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

"मास्तर, मी हेच काम करत होते."

पाण्यात कुणीतरी लांबवर हात मारत होतं, त्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता.

"नळकांड्यातून बघितल्यासारखं दिसतं," शेवटी ते म्हणाले. "आणि नळकांडं बारीक होत चाललंय. उपाय नाही म्हणतात."

"म्हणजे आत्ता तुम्हाला..."

"तुम्ही दिसता. फक्त तुम्हीच दिसता, आजूबाजूचं काही नाही." ते हसले. "प्रेमात पडलेल्या माणसाचं असंच होतं म्हणे."

हसता हसता त्यांची हनुवटी थरथरली, आणि बेबीताईंना कळलं की आपण फसलो. या माणसाचा आवाज आता आपल्या डोक्यातून जाणार नाही.

"गाडी सोडा," त्या कशाबशा म्हणाल्या.

"सोडली तर का सोडली विचारतील."

"विचारू देत."

"मग मुलगा येईल न्यायला. चांगला आहे हो मुलगा, तसं काही नाही. पण इथली वाट न् वाट माझ्या पायांना पाठ आहे. इथे मी अजून माणूस आहे, बेबीताई. तिथे सामान होईन. इकडून तिकडे ठेवायचं."

"कुणाला तरी लागेल. मला शब्द द्या."

"...दिला. उद्यापासून गाडी बंद. आणि तुम्ही कुणाला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

घरी परतल्यावर रोज संध्याकाळी फोन यायला लागला. मास्तर सांगत, मनगट दुखतंय असं सांगून गाडीची किल्ली माळ्याला देऊन टाकली. मग काहीबाही बोलत राहत. बेबीताईंना आपण पाय पोटाशी घेऊन फोनवर हसतोय याची लाज वाटायची. आणि फोन ठेवला की ती लाज जाऊन दुसरंच काहीतरी येऊन बसायचं. फरशीवरचे ते डाग. आपण परत तिथेच चाललोय. एका पलंगाकडून दुसऱ्या पलंगाकडे. त्या स्वतःला बजावायच्या, उद्या फोन उचलायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी फोन वाजायच्या आधीच जवळ जाऊन बसायच्या.

"आई, तू हल्ली जेवतेस," मुलगी एकदा नवलानं म्हणाली. "कोण आहे गं?"

"कुणी नाही."

"कुणी नाही तर लाजतेस कशाला?"

महिनाभरानं बेबीताई न कळवता पुन्हा तिथे गेल्या. मास्तरांना चकित करायचं होतं. नवी साडी नेसल्या होत्या, केसांना किंचित रंगही लावला होता. फाटकातून आत आल्या आणि त्यांना उतारावर पांढरी गाडी दिसली. स्टिअरिंगवर मास्तर. मागे तिघी जणी, गप्पांत रंगलेल्या. बाजूच्या पायवाटेवरून बॅडमिंटनवाल्या बाई रॅकेट फिरवत येत होत्या. त्यांना वाटलं, मास्तर थांबतील. मास्तर वळले, थेट त्यांच्या अंगावर.

बाईंनी कुंपणाच्या झुडपात उडी टाकली. कोपर सोलवटलं, रक्त आलं. मागच्या तिघी ओरडल्या आणि मग सगळ्या हसायलाच लागल्या. "मास्तर, खेळताय का माझ्याशी?" बाई झुडपातून उठत म्हणाल्या. मास्तरही हसले. पण बेबीताईंनी त्यांचा चेहरा बघितला. पांढराफटक. बाई बोलेपर्यंत त्यांना कळलंच नव्हतं की गाडीसमोर माणूस होतं.

बेबीताई तिथे गेल्या नाहीत. पाय आपोआप कचेरीकडे वळले. दारातूनच त्या म्हणाल्या, "मास्तरांना दिसत नाही. त्यांच्याकडून गाडी काढून घ्या."

व्यवस्थापक बाईंच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदाच गेलं.

संध्याकाळी मास्तरांच्या घराचं दार उघडं होतं. ते आत खुर्चीवर बसले होते, हात मांड्यांवर ठेवून. बेबीताई उंबऱ्यातच थांबल्या.

"परवा मुलगा येतोय," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"शब्द दिला होता तुम्ही."

"तुम्हीही दिला होता. रोज फोनवर खोटं बोलत होतात."

"काय सांगणार होतो? दिवसभर खोलीत बसून असतो म्हणून? असल्या माणसाशी बोलल्या असतात तुम्ही?"

"आज कुणीतरी मेलं असतं, मास्तर!"

"आणि मी मेलो त्याचं काय?"

तो प्रश्न असा काही विचारला त्यांनी, ना राग ना आरडाओरडा... वाण्याला साखरेचा भाव विचारावा तसा. बेबीताईंना त्यांच्यापाशी जाऊन खाली बसावं, त्यांचे ते हात हातात घ्यावेत, मनातलं सांगून टाकावं असं वाटलं. शब्द जिभेवर होते. पण ते एकदा बोललं की पुढचं सगळं आलं. भरवणं, पुसणं, पहाटेची जाग. त्यांचे पाय उंबऱ्याला चिकटून राहिले.

मास्तर वाट बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जा तुम्ही. उशीर होईल तुम्हाला."

आणि बेबीताई गेल्या.

त्यानंतर फोन आला नाही. त्यांनी केला तर कुणी उचलला नाही. पावसाळा संपला, हवेत गारवा आला, बेबीताई पुन्हा खिडकीत बसायला लागल्या. ताटात वाढलेलं तसंच उरायला लागलं. मुलगी येऊन डबे बघायची आणि न बोलता धुवायची. आधी बरं होतं, बेबीताईंना वाटायचं. आधी निदान आत काही जिवंत नव्हतं.

एक दिवस वसाहतीतून व्यवस्थापक बाईंचा फोन आला. "एक घर रिकामं झालंय. तुमचा नंबर लागलाय. बघायला येता?"

मुलगी आनंदली. बेबीताई तिच्यामागून निमूट गेल्या. वाट ओळखीची वाटायला लागली तसे त्यांचे पाय जड झाले. बाईंनी दार उघडलं. रंग द्यायचा बाकी होता. खोली रिकामी, भिंती उघड्या.

"या घरात कोण राहत होतं?" मुलीनं विचारलं.

बाई उत्तर द्यायच्या आत बेबीताई आत शिरल्या होत्या. स्वयंपाकघरात गॅसच्या बटणावर लाल चिकटपट्टीचा तुकडा होता. दाराच्या चौकटीला दोन्हीकडून पिवळी पट्टी, वरपासून खालपर्यंत. न्हाणीघराच्या पायरीवर, नळावर, भिंतीतल्या कपाटाच्या कडेवर, जिथे म्हणून माणूस आपटू शकतो तिथे तिथे पट्ट्या. काही वाकड्या लागलेल्या, काही निघालेल्या आणि पुन्हा त्यावर लावलेल्या. पलंग असायचा तिथल्या भिंतीवर एका उंचीवर हाताचा तेलकट पट्टा उमटला होता, दारापर्यंत गेलेला. इथून तो माणूस रोज भिंत चाचपत उठायचा, दाढी करायचा, बाह्या दुमडायचा आणि बाहेर येऊन लोकांना हसवायचा. कुणाला कळू न देता.

बेबीताई फरशीवर बसल्या. आधी आवाज आला नाही. मग असा आला की व्यवस्थापक बाई बाहेर निघून गेल्या.

मुलगी त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली. "तो फोनवाला... तो इथे राहायचा?"

बेबीताईंनी मान हलवली.

"त्यांना काय झालंय?"

बेबीताईंनी सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "नको गं आई. बाबांचं केलंस तेवढं पुरे. तू संपून जाशील."

"मलाही तेच वाटतंय," बेबीताई म्हणाल्या. "सारखं तेच वाटतंय." नाक पुसून त्या उठल्या. बाहेर येऊन व्यवस्थापक बाईंना त्यांनी सांगितलं की घर दुसऱ्या कुणाला द्या. आणि मास्तरांच्या मुलाचा पत्ता मागितला.

मुलाचं घर एका उंच इमारतीत, अकराव्या मजल्यावर होतं. सुनेनं दार उघडलं. थकलेली, भली बाई. "दिवसभर बोलत नाहीत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आम्ही बाहेर चला म्हणतो, नको म्हणतात. आम्हाला काही कळत नाही हो, काकू, काय करायचं ते." आतली खोली आधी अडगळीची असावी. एका कडेला सुटकेसींची चळत, दुसऱ्या कडेला पलंग. पलंगाच्या काठावर मास्तर बसले होते. दाढी वाढलेली. बाह्या मनगटावर लोंबत होत्या.

"मी आलेय," बेबीताई म्हणाल्या.

त्यांनी मान वळवली नाही. "समाचाराला आलात?"

"नाही. समाचाराला आले असते तर हातात फळं असती."

ओठ किंचित हलले. पण हसू आलं नाही.

"दया करायला येऊ नका, बेबीताई. घरात पुष्कळ आहे ती. सूनबाई दया करते, नातवंडं करतात, लिफ्टवाला करतो."

बेबीताई एका सुटकेसवर टेकल्या. सांगायचं ठरवून आल्या होत्या ते सगळं विसरल्या होत्या. मग जे आलं ते बोलल्या.

"मला तुम्ही आवडता. त्या दिवशी दारात उभी होते तेव्हाही आवडत होतात. आणि मला तुमची भीती वाटते."

"माझी?"

"तुमचं करावं लागेल त्याची. मी एका माणसाचं नऊ वर्षं केलं, मास्तर. प्रेमाचं लग्न होतं आमचं. करता करता प्रेम कधी सरलं आणि नुसतं काम उरलं, मला कळलंसुद्धा नाही. शेवटी तो माणूस गेला तेव्हा मी चादरी मोजत होते. तुमच्या बाबतीत तसं झालेलं मला सोसणार नाही. म्हणून गप्प बसले."

बाहेर सून मुलांवर ओरडली, मग शांत झाली.

"मग आज कशाला आलात?" मास्तरांचा आवाज घोगरा झाला होता.

"घरी बसवेना."

"बस? एवढंच?"

"एवढंच. वचन-बिचन काही आणलेलं नाही. उद्या येईन की नाही तेही ठाऊक नाही. तुमच्या घरी येऊन राहणार नाही, तुम्हाला माझ्या घरी नेणार नाही. पण तुमच्यावाचून मला घास गिळत नाही, हे खरं आहे. आता तुम्ही काय करायचं ते करा त्याचं."

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. बेबीताईंनी त्यांना रडू दिलं, जवळ गेल्या नाहीत. बऱ्याच वेळानं मास्तरांनी बाहीनं डोळे पुसले.

"मला तुमचा राग आहे अजून."

"असू दे."

"सहजासहजी जाणार नाही."

"मला कुठे घाई आहे?"

निघायची वेळ झाली तेव्हा मास्तर उठले. "खालपर्यंत येतो सोडायला."

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत राहिली. इथे आल्यापासून ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. पायानं चाचपत त्यांनी चपला शोधल्या, उलट्या घातल्या, बदलल्या. लिफ्टकडे जाणाऱ्या बोळात अंधार होता. दोन पावलं टाकून ते थांबले. कपाळावर घाम आला होता.

"धरू का?" बेबीताईंनी विचारलं.

"नको." मग, "धरा."

त्यांनी दंड धरला. खूप हलका झाला होता. लिफ्टमध्येही बेबीताईंनी तो सोडला नाही. खाली रस्त्यावर दिवे लागले होते, ऑफिसं सुटली होती, गाड्यांची नुसती रांग. मास्तर फुटपाथच्या कडेशी उभे राहिले. त्यांना त्यातलं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, हे बेबीताईंना त्यांच्या बोटांवरून कळत होतं. ती बोटं बेबीताईंच्या मनगटात रुतली होती.

"पुढे अजून वाईट होणार आहे," मास्तर म्हणाले. "अगदी काळोख. डॉक्टरांनी सांगितलंय."

"माहीत आहे मला."

"थकाल तुम्ही."

"थकेन."

"थकलात की सांगा. तशा निघून जाऊ नका. त्या दिवसासारख्या... न बोलता."

"सांगेन."

"आणि मग?"

बेबीताईंनी विचार केला. खरंच केला. "मग भांडू," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. बेबीताईंची बस समोरच्या बाजूला लागायची. रस्ता ओलांडायला वाट मिळाली, गेली, पुन्हा मिळाली. दोघांपैकी कुणीच हललं नाही. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात राहिली.